विषय क्रमांक सात

कातळकोंड ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत पऱ्यावरच्या साकवाचा, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलाचा, विषय सातव्या क्रमांकावर असतो आणि तो मांडण्याचं काम गेली नऊ वर्षं सौ. मथुरा धाकू घवाळी या पाहतात. या कामावर त्यांची रीतसर नेमणूक कोणी केलेली नाही. साकव वाहून गेला त्या साली त्या उभ्या राहून बोलल्या, आणि आपल्याकडे जो एकदा बोलतो त्याच्याच गळ्यात तो विषय कायमचा पडतो.

पऱ्या म्हणावा तर केवढा, आठ मीटरचा. एप्रिलात त्यात बेडूक सावली शोधत हिंडतो. पण आषाढ लागला की तोच पऱ्या पलीकडच्या वाडीतल्या अकरा घरांना गावापासून तोडून टाकतो. तूर्त त्यावर दोन पोफळी आडव्या टाकल्या आहेत. त्यांच्यावरून मथुरा रेशनचे तांदूळ डोक्यावर घेऊन ये-जा करते. तिच्या नवऱ्याला, धाकूला, ते जमत नाही, कारण त्याचा उजवा गुडघा तीन शिमग्यांपासून वाकत नाही. त्याला रत्नागिरीला डॉक्टरकडे न्यायचं तर खुर्चीला बांबू बांधून चार माणसांनी उचलावं लागतं, आणि वाडीतली उचलू शकणारी सगळी माणसं मुंबईत लोकांची पार्सलं उचलतात. तेव्हा मथुराला साकव हवा होता. या गोष्टीत एवढं एकच मागणं आहे, ते वाचकांनी ध्यानात ठेवावं.

सभेत ती उठून एक वाक्य बोलायची, "साकव कदी व्हनार, ता सांगा." सरपंच सुजयराव छताच्या पंख्याकडे बघायचे. ग्रामसेवक रितेश भाऊसाहेब इतिवृत्तात लिहायचे, 'विषय क्र. ७ : चर्चा झाली.' चर्चा झालेली नसायची, पण चर्चा झाली नाही असं लिहिण्याची आपल्याकडे पद्धत नाही. ऐकायला माणसं तरी किती, तर अकरा. पहिली सभा कोरमअभावी तहकूब करायची आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, हा नियम कातळकोंडात पोर चालायला लागलं की शिकतं. त्यामुळे पहिल्या सभेला जाणारा माणूस एक तर नवखा समजला जाई, नाहीतर बायकोशी भांडून आलेला.

गेल्या सव्वीस जानेवारीच्या तहकूब सभेला बारावं माणूस आलं. तिचं नाव मृणाली. ती रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात नाट्यसंहिताशास्त्र या विषयात एम. ए. करत होती. नाट्यसंहितातज्ज्ञ म्हणजे कोण, हे तिने सभेपुढे विनयाने सांगितलं. तो नाटक लिहीत नाही, बसवत नाही, त्यात कामही करत नाही. पण ते नाटक असं का आहे, हे तो सगळ्यांना विचारत राहतो. लोकांना यात काही नवल वाटलं नाही. त्यांनी भाऊसाहेबांची नोकरी जवळून पाहिली होती.

अडचण अशी होती की दुसऱ्या वर्षाला एकशेवीस तासांचा प्रात्यक्षिक प्रकल्प सक्तीचा होता. चालू नाटकाला स्वतःला जोडून घ्यायचं, त्यात हस्तक्षेप करायचे आणि प्रत्येक हस्तक्षेप प्रपत्र 'ड-चार' मध्ये तीन प्रतींत नोंदवायचा. वर्गात विद्यार्थी तेवीस आणि अख्ख्या रत्नागिरीत त्या मोसमात तालमी चालल्या होत्या तीन नाटकांच्या, त्यातल्या एका नाटकमंडळीने तर 'हस्तक्षेप' हा शब्द ऐकताच दाराला आतून कडी घातली. मग विभागाने परिपत्रक काढून नाटकाची व्याख्या रुंद केली. ठरावीक जागा, ठरावीक वेळ, दोन किंवा अधिक बोलणारी माणसं आणि न बोलणारी बाकीची, एवढं असलं की ते नाटक. या व्याख्येत तेजस्वी नावाची मुलगी मिरकरवाड्याच्या मासळीच्या लिलावाला जोडली गेली. तिने लिलाव करणाऱ्याला वाक्यांमधला विराम वाढवायला सुचवलं आणि त्या विरामात दोन टोपल्या सुरमई शेजारच्याने विकून टाकली. मृणालीच्या वाट्याला कातळकोंडची ग्रामसभा आली.

सभा संपल्यावर ती मथुरापाशी आली आणि म्हणाली की काकी, तुमचा प्रवेश फार चुकीच्या जागी आहे. सातव्या विषयापर्यंत प्रेक्षक चहाला गेलेला असतो. मथुराला हे पटलं. ती स्वतः सहाव्या विषयाला चहाला जात असे.

दुसऱ्या दिवशी मृणाली पऱ्या ओलांडून तिच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आली. ओलांडून म्हणजे पोफळींवर घोड्यासारखं बसून, इंच इंच सरकत. धाकूने पडवीतून तिला शेवटपर्यंत धीर दिला. आल्यावर तिने आधी जीन्सला चिकटलेली पोफळीची साल काढली, मग वही.

"काकी, तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"साकव."

"ते वरवरचं झालं. त्याच्या आत काय आहे?"

"सिमीट."

"आणि त्याच्याही आत?"

मथुराने प्रामाणिकपणे विचार केला. "सळी."

मृणालीने वहीत लिहिलं, 'व्यक्तिरेखा अंतर्मुख होण्यास नकार देते.' पण पोर मनाने चांगली होती, हे आधीच सांगून टाकतो. या गोष्टीत वाईट माणूस कोणी नाही, हाच तर सगळा वैताग आहे. तिने मथुराला किती वर्षं मागते, काय काय झालं, पहिला साकव कोणत्या तिथीला वाहून गेला, त्या रात्री आवाज कसा आला, हे सगळं विचारून घेतलं. नऊ वर्षांत मथुराच्या वाक्याची एवढी चौकशी कोणी केली नव्हती. तिला फार बरं वाटलं. तिने मृणालीला काजूच्या गराची उसळ वाढली आणि जाताना विचारलं, "व्हईल ना गो बाय पन साकव?" मृणाली म्हणाली की लोक ऐकत नाहीत म्हणून अडलंय, लोकांनी ऐकलं की होईलच. ती हे मनापासून म्हणाली.

तीन महिने खळ्यात तालीम चालली. विषय सातवरून तिसऱ्यावर आला. मथुराने उठायचं, बोलायचं नाही, दहा आकडे मनात मोजायचे, मग धाकूकडे बघायचं, मग पहिलं वाक्य. धाकूने काही करायचं नाही, फक्त खुर्चीत गुडघा पुढे करून बसायचं. हे काम त्याला पहिल्या दिवसापासून उत्तम जमलं.

एक मेच्या ग्रामसभेला एकशे चाळीस माणसं आली. तालमीची खबर वाडीवाडीत गेली होती, आणि धाकूची खुर्ची उचलून आणायला पहिल्यांदाच माणसं मिळाली होती. पंचायत स्थापन झाल्यापासून पहिल्यांदा कोरम भरला आणि भाऊसाहेबांची तारांबळ उडाली, कारण त्यांच्याकडे फक्त तहकुबीचा छापील मजकूर होता. तहकूब न झालेली सभा कशी चालवतात, हे त्यांना पुस्तकात बघावं लागलं. मथुरा उठली, दहा मोजले, धाकूकडे पाहिलं आणि साकवाची सगळी कर्मकथा सांगितली. बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या. मागच्या बाकावरचा एक म्हातारा, ज्याला पलीकडे वाडी आहे हेच माहीत नव्हतं, तो हुंदके देऊन रडला.

पण मृणालीच्या मार्गदर्शक सरांचा नियम होता की विरोधी व्यक्तिरेखेलाही न्याय मिळाला पाहिजे. प्रपत्रात त्याला स्वतंत्र चौकट होती. तेव्हा मथुरा बसताच सुजयराव उठले आणि लहानपणी आपणही त्याच पऱ्यात पडलो होतो, ते पाणी अजून आपल्या कानात वाजतं, असं गहिवरून म्हणाले. ते ज्या पऱ्यात पडले होते तो वेगळा, आजोळचा. पण मृणालीने सांगितलं होतं की नाट्यात भूगोल बघत नाहीत. सभागृह सरपंचांच्या बाजूला कललं. कोणीतरी त्यांना पाण्याचा तांब्या दिला. मथुराच्या शेजारची गंगा तिला कोपराने ढोसून म्हणाली, "किती छळतंस गो त्या सरपंचाला."

टाळ्या अशा पडल्या की पुढचे विषय घ्यायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. भाऊसाहेबांनी इतिवृत्तात 'चर्चा झाली' खोडून 'सभागृह हेलावले' असं लिहिलं आणि खाली सही केली. मथुराने आठवड्याने ठरावाचं विचारलं, तेव्हा मृणालीने आनंदाने प्रपत्र दाखवलं. त्यावर सरांचा लाल शाईतला शेरा होता, 'पहिल्याच अंकात संघर्ष मिटवला नाही हे उत्तम.'

पंधरा ऑगस्टला मांडव घालावा लागला. शेजारच्या चार गावांतून माणसं आली, आणि तालुक्याहून साहेब आले. मृणालीने मथुराला सांगून ठेवलं होतं की पऱ्यातून आल्यावर लुगडं पिळायचं नाही, तसंच ओलं ठेवून उभं राहायचं. मथुरा पाणी निथळत उभी राहिली, दहा मोजताना दोनदा शिंकली, आणि त्या शिंकांना लोकांनी श्वास रोखला. साहेबांनी रुमाल काढला. नोकरीच्या बावीस वर्षांत साकवाचा विषय आपल्यापुढे तीनशे वेळा आला, पण असा कधी भिडला नाही, असं ते भाषणात म्हणाले. मग त्यांनी तिथल्या तिथे तोंडी आदेश दिला. मथुराचे डोळे लकाकले. आदेश असा होता की हा विषय तालुक्यातल्या प्रत्येक गावाने पाहावा.

त्यानंतर कातळकोंडची ग्रामसभा कुठे कुठे भरली, याला गणती नाही. वेळणेश्वरात देवळासमोर भरली, एका लग्नात वरात यायला उशीर झाला म्हणून मांडवात भरली. दुसऱ्याच्या हद्दीत आपली ग्रामसभा घेणं कायद्यात बसतं का, हे बघायला भाऊसाहेबांना सवड नव्हती. ते आता दोन माणसांच्या आवाजात इतिवृत्त वाचत असत. न्यायला-आणायला जीप यायची. ती अर्थात पऱ्याच्या अलीकडे थांबायची, पुढे यायला साकव नव्हता. धाकूला खुर्चीसकट अलीकडे आणायला एकाला बारा माणसं धावत यायची, खांदा द्यायला भांडायची. डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की मात्र त्या दिवशी प्रत्येकाचं काहीतरी निघायचं. एकदा मथुराने चिडून सरपंचांनाच विचारलं की प्रयोगाला उचलता तर दवाखान्याला का उचलत नाही. सुजयराव म्हणाले, "वहिनी, गुडघा आत्ताच बरा झाला तर मग पुढचं सगळं बसायचं कसं?"

सप्टेंबरात या सगळ्यावर संकट आलं. ते संकट म्हणजे कनिष्ठ अभियंता नम्रता मॅडम. त्यांनी नाटक पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं, त्यामुळे त्यांच्या डोक्यात भलताच विचार आला की जागा बघून यावी. त्या पोफळींवरून चालत पलीकडे गेल्या, टेप लावला, कातळ ठोकून पाहिला आणि मथुराच्या पडवीत पाणी पिता पिता म्हणाल्या की काम किरकोळ आहे, निधी पडून आहे. "दोन ऑक्टोबरच्या सभेत फक्त ठराव घ्या. एका ओळीचा. मार्चच्या आत साकव उभा करून देते."

मथुरा त्या दिवशी आनंदात जेवायचंच विसरली. धाकूने गुडघ्याला उगाचच तेल लावलं.

अलीकडे मात्र पंचायतीत सुतकी कळा पसरली. सुजयरावांनी जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव घातलं होतं. भाऊसाहेबांची इतिवृत्तं राज्यस्तरीय पारितोषिकासाठी गेली होती. आणि मृणालीचे एकशेवीसपैकी एकशेअठरा तास झाले होते. उरलेले दोन तास दोन ऑक्टोबरच्या सभेत भरणार होते आणि त्याच सभेला बाहेरचे परीक्षक यायचे होते. तिने विभागाला पत्र लिहून विचारलं की कथानकातली अडचण प्रत्यक्षात सुटत असेल तर काय करावं. विभागाने तत्परतेने कळवलं की प्रकल्पकाळात कथानकाचा शेवट बदलल्यास प्रस्ताव नव्याने दाखल करावा लागेल, पुढील प्रवेश जूनमध्ये. ती पत्र घेऊन मथुराच्या खळ्यात आली आणि तिने ते वाचून दाखवलं. मथुराने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू नको काय बोलू, बाय. तुजे दोन तास तुला. पन मी या येळला माजाच बोलनार."

दोन ऑक्टोबरला मांडवाबाहेरही माणसं उभी होती. परीक्षक पहिल्या रांगेत, मांडीवर वही. तिसरा विषय पुकारला गेला. मथुरा उठली. तिने दहा मोजले नाहीत. धाकूकडे बघितलं नाही. त्याला ती घरीच ठेवून आली होती. लुगडं कोरडं होतं.

"पऱ्यावर साकव बांदायचा ठराव ल्हिवा," ती म्हणाली. "मॅडम मार्चपातूर बांदून देनार हायत. माजा नाटक संपला." आणि ती खाली बसली.

मग परीक्षक हळूहळू उभे राहिले आणि त्यांनी टाळी वाजवली. मागोमाग सगळा मांडव उठला. सगळा तामझाम काढून टाकून व्यक्तिरेखेने स्वतःच नाटक नाकारणं, ही या मातीतली सर्वात धाडसी संहिता आहे, असं परीक्षक म्हणाले. त्यांनी मृणालीला सर्वोच्च श्रेणी दिली आणि एकच सूचना केली. ठराव होऊन साकव झाला असं दाखवलं तर सगळं फार सोपं होईल. शेवट खुला ठेवावा.

मथुरा टाळ्या थांबायची वाट बघत बसली होती. त्या थांबल्यावर ती भाऊसाहेबांच्या टेबलापाशी गेली. त्यांनी लिहिलं होतं, 'विषय क्र. ३ : शेवट खुला ठेवण्यात आला.'

"भाऊसाहेब, ठराव?"

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. ते खरोखर अडचणीत होते. "मावशी, एक सांगा. हे मघाशी जे बोललात ते तुम्ही बोललात की तुमच्या भूमिकेने?"

"मीच बोलले."

"तसं तर भूमिका पण म्हणेलच. मी लिहू कसं? रहिवाशाच्या मागणीवर ठराव घेता येतो. भूमिकेच्या मागणीवर घ्यायची तरतूद नाही, उद्या ऑडिटला काय सांगू? तुम्ही भूमिकेतून बाहेर आल्याचा दाखला आणा. लगेच लिहितो."

दाखला कोण देणार, तर ज्याने भूमिकेत घातलं तो. मृणाली धावत आली. तिने पाच मिनिटांत कागद लिहून दिला की सौ. मथुरा धाकू घवाळी या खऱ्या असून त्यांना खरोखर साकव हवा आहे. लिहिताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. भाऊसाहेबांनी कागद वाचला, घड्याळ बघितलं आणि हळहळत परत केला. तिचे एकशेवीस तास बारा वाजून दहा मिनिटांनी पूर्ण झाले होते, आणि आता साडेबारा वाजले होते. तिला आता अधिकार नव्हता. तिने जूनमध्ये पुन्हा प्रवेश घेतला तर मात्र विचार करता येईल, असं ते म्हणाले. तोवर निधी परत जाईल, हे त्यांनीच आपण होऊन सांगितलं, म्हणजे गैरसमज नको.

नम्रता मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या की ठरावाशिवाय आपले हात बांधलेले आहेत, आणि सभेचा व्हिडिओ पाहिला, फार सुंदर काम केलंत.

मथुरा घरी निघाली. तिच्यामागे सत्तर-ऐंशी माणसं पऱ्यापर्यंत आली, कारण ज्या पऱ्यावर साकव नाही तो पऱ्या प्रत्यक्ष पाहण्याची सोय यंदापासून पंचायतीने केली होती. काठावर सावलीसाठी पत्र्याची शेड आणि बसायला बाक होते. दोन दिवस वर कुठेतरी पाऊस लागला असावा, पाणी पोफळींच्या हातभर खाली होतं. मथुराने चप्पल काढून कमरेला खोचली आणि पहिला पाय टाकला. लोकांनी मोबाइल वर केले.

मध्यावर एक पोफळ कलली. मथुरा थांबली, दोन्ही हात पसरून उभी राहिली. काठावर कुणी हललं नाही. मग पोफळ जागेवर बसली आणि ती एक एक पाऊल टाकत पलीकडे पोचली.

धाकू पडवीत खुर्चीत बसून वाट बघत होता. "झाला काय गो ठराव?"

"टाळ्या झाल्या," मथुरा म्हणाली आणि पाय धुवायला मागीलदारी गेली.

काठावरची माणसं थोडा वेळ रेंगाळली. मग शेवट जरा पडला, असं एकमेकांत बोलत जेवायला गेली. त्यांना नावं ठेवायला सोपं आहे. पण खोटं कशाला बोला? मघाशी ती पोफळ कलली आणि मथुरा हात पसरून मध्यावर उभी राहिली, तेव्हा तुम्हालाही वाटलं होतं, की आता काहीतरी व्हावं.